पात्याचा कोन आणि आईचा घोर

यंत्राशी ओळख : मासिक सदर



या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न असा होता की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलले. सौंसरकडच्या एका ताईंनी लिहिले आहे : "माझी मुलगी गोंदियाला वैमानिकाचे शिक्षण घेते आहे. परवा फोनवर सांगत होती, आता जे विमान शिकायला मिळाले आहे त्याच्या पंख्याची पाती उडताउडता आपला कोन बदलतात. तिला त्याचे कौतुक, मला तेव्हापासून घोर. पंखा घट्ट बसवलेला बरा की हलणारा? जी वस्तू हलते ती आधी बिघडते, हे तर घरच्या मिक्सरवरूनही कळते. तुम्ही यंत्रांतले माणूस आहात. खरे काय ते सांगा, उगीच धीर देऊ नका."

ताई, आधी एक खुलासा. मी विमानांच्या कामातला नाही. माझी नोकरी इथे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात, यंत्रांच्या देखभालीत गेली. पण एखाद्या यंत्रावर किती विसंबायचे, हे ठरवण्याची रीत विमानाला आणि गिरणीला फारशी वेगळी नसते. तुम्ही धीर मागितला नाही, खरे मागितले, म्हणून तीच रीत सविस्तर सांगतो. ती तुमच्या लेकीलाही उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच कबूल करतो, तुमची शंका रास्त आहे. घट्ट पंख्यात पाती आणि मधला भाग मिळून एकच तुकडा असतो. कोन बदलणाऱ्या पंख्यात बेअरिंग, स्प्रिंग, पिस्टन, तेलाचे सील आणि गव्हर्नर अशी भर पडते. भाग वाढले की बिघाडाच्या जागा वाढतात. मग जाणती माणसे ही भानगड का करतात?

घट्ट पंख्याचा मान

बोरगावचे नाव बाहेर घेतले की लोकांना रेमंडची कापड गिरणी आठवते. ती १९९१ साली इथे आली तेव्हा विजयपत सिंघानिया समूहाचे अध्यक्ष होते. त्याआधी तीन वर्षे, १९८८ साली, ते मायक्रोलाइट नावाच्या अगदी हलक्या विमानात एकटे बसून लंडनहून अहमदाबादला आले होते. तेवीस दिवस लागले. पुढे २००५ साली मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून ते २१ हजार मीटरच्या वर गेले, तो विक्रम पुष्कळांना ठाऊक आहे. मला मात्र मायक्रोलाइटचा प्रवास जास्त विचार करायला लावतो. अशा विमानांना बहुतेक वेळा घट्ट कोनाचा साधा पंखा असतो. वाटेत वाळवंट, समुद्र, अनोळखी धावपट्ट्या. अशा ठिकाणी जे कमी बिघडते आणि जे कुणालाही नीट करता येते, तेच सोबतीला बरे.

म्हणजे घट्ट पंखा हलक्या प्रतीचा, असे कुणी समजू नये. त्याची अडचण दुसरीच आहे.

लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा हवेत शिरतो. स्क्रूचे आटे जवळजवळ असतील तर तो एका फेऱ्यात थोडाच आत जातो, पण फिरवायला हलका पडतो. आटे लांब असतील तर एका फेऱ्यात बराच आत जातो, पण जोर लागतो. पंख्याच्या पात्याचा कोन म्हणजे हेच. कोन बारीक असेल तर इंजिन पटकन पूर्ण फेरे घेते आणि विमान जोरात ओढले जाते. उड्डाणाच्या वेळी तेच हवे. वर जाऊन वेग धरला की मोठा कोन हवा, नाहीतर इंजिन नुसते गरगरते आणि इंधन जाते. घट्ट पंख्याला यातला एकच कोन निवडावा लागतो. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये चिखलातून काढावा आणि त्याच गिअरमध्ये सावनेरच्या बाजारापर्यंत न्यावा, तसे ते होते.

यात आपल्या उन्हाळ्याची भर घाला. गोंदियाचा बिरसी विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की वैमानिकांच्या प्रमाण हिशेबाने ती चौदाशे मीटर उंचीवरच्या हवेसारखी वागते. सोप्या शब्दांत, विमान उभे असते गोंदियात, पण त्याला उड्डाण करायचे असते महाबळेश्वरच्या उंचीवरून. इंजिनाचा जोर कमी, पंखांखालची हवा पातळ, आणि धावपट्टी आहे तेवढीच. अशा वेळी इंजिनाला त्याचे पूर्ण फेरे घेऊ देणारा बारीक कोन ही चैन राहत नाही, ती सुरक्षेचीच बाब होते.

म्हणून अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीच्या फ्रँक काल्डवेल यांनी दोन कोनांत बदलणारा पंखा व्यवहारात आणला, तेव्हा १९३३ सालासाठीची मानाची कोलियर ट्रॉफी त्या कामाला मिळाली. १९४० च्या उन्हाळ्यात, लढाई दाराशी आलेली असताना, ब्रिटनने हजाराहून अधिक स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना आपोआप कोन सांभाळणारी यंत्रणा घाईघाईने बसवली. हलणाऱ्या भागांचा धोका त्यांनाही कळत होता. मिळणारा फायदा त्याहून मोठा होता.

आत चालते काय?

आपल्याकडे विहिरीवर डिझेल इंजिन ज्यांनी चालवले आहे त्यांना गव्हर्नर सांगावा लागत नाही. दोन वजने गरगर फिरतात. इंजिन जोरात पळाले की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. मंदावले की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल वाढते. विमानाच्या पंख्याचा गव्हर्नर याचाच भाऊ. फरक इतकाच की ही वजने इंधनाऐवजी तेलाची वाट उघडतात आणि बंद करतात. इंजिनाचेच तेल गव्हर्नरमधला छोटा पंप दाब वाढवून पंख्याच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये, पाठवतो. तिथला पिस्टन सरकतो आणि पाती आपल्या बुडाशी वळतात. फेरे वाढू लागले तर कोन मोठा होतो, भार वाढतो, फेरे पुन्हा जागेवर येतात. वैमानिक फेरे ठरवतो, बाकीचे गव्हर्नर सांभाळतो. काही विमानांत यासाठी निळ्या मुठीचा वेगळा दांडा असतो. नव्या डिझेल इंजिनांच्या विमानांत एकाच दांड्यावर संगणक हे काम बघतो.

हलक्या विमानांत आणखी एक प्रकार असतो, विजेचा. हबमध्ये किंवा त्याच्या मागे छोटी मोटर असते, ती पाती वळवते. तेलाची भानगड नाही, पण फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बन ब्रश आणि कड्या आल्या, आणि ब्रश झिजतात, हे गिरणीत काम केलेल्या कुणालाही माहीत आहे.

पहिला प्रश्न : बिघडल्यावर ते कुठे जाऊन थांबते?

ताई, कुठल्याही यंत्राबद्दल "हे बिघडते का?" असा प्रश्न विचारला की उत्तर नेहमी "हो" येते, आज नाहीतर उद्या. म्हणून मी तो विचारत नाही. मी विचारतो, बिघडल्यावर ते कोणत्या बाजूला पडते?

एका इंजिनाच्या लहान विमानात पंखा साधारणपणे असा बांधलेला असतो की तेलाचा दाब गेला तर स्प्रिंग आणि फिरत्या पात्यांचा स्वतःचा कल मिळून पाती बारीक कोनाला जातात आणि तिथे एका पक्क्या लोखंडी अडसरावर टेकतात. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज चढतो. वैमानिकाने इंजिनाचा जोर आणि विमानाचा वेग कमी केला की हातात उरतो तो बारीक कोनाचा एक घट्ट पंखा. त्यावर परत येऊन उतरता येते. तुमच्या मनातला "घट्ट पंखा बरा" हा पर्याय यंत्राने स्वतःच राखून ठेवलेला असतो.

दोन इंजिनांच्या विमानात हीच दिशा मुद्दाम उलटी ठेवतात. तिथे दाब गेला की प्रतिवजने आणि स्प्रिंग पाती पार वळवून हवेला धारदार बाजू देतात. याला फेदर करणे म्हणतात. कारण बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर तो एका बाजूला मोठ्या तव्यासारखा हवा अडवतो, आणि दुसरे इंजिन विमानाला वळवू लागते. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत एका इंजिनाचे डायमंड डीए-४० आणि दोन इंजिनांचे डीए-४२ अशी दोन्ही विमाने आहेत. बाहेरून बघणाऱ्याला पंखे सारखेच वाटतील. आतला विचार मात्र वेगळा असतो, आणि तो का वेगळा आहे हे ज्याला कळले त्याला अर्धी विश्वासार्हता कळली.

विजेच्या पंख्याची वीज गेली तर पाती होती तिथेच थांबतात. ऐकायला हे सगळ्यांत सुरक्षित वाटते, पण थांबली कुठे, हे बघावे लागते. मोठ्या कोनावर अडकली आणि उतरताना धावपट्टीवर अचानक गाय आली, पुन्हा वर जायचे ठरले, तर जोर कमी पडेल. आणि वीज जाण्याऐवजी मोटर थांबलीच नाही तर? तेव्हा एक स्विच तिला टोकाला तोडतो. स्विच चिकटला तर त्यामागे लोखंडी अडसर हवा. स्विचवर विसंबून अडसर वगळलेला पंखा मला कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही.

गृहीत धरलेले आणि तपासलेले

बिघाडाची दिशा कागदावर लिहिली म्हणजे काम झाले असे नाही. ५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेतल्या ब्रन्सविक इथे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे एक प्रवासी विमान उतरायच्या बेतात असताना कोसळले. विमानातले २३ जण गेले. त्यांत सनी कार्टर हे अंतराळवीरही होते. विमान मोठे होते, पण कारण आपल्या विषयातले आहे. पंख्याच्या नियंत्रण यंत्रणेत एका दांडीचे दाते झिजून गेले होते. ते ज्या भागात बसायचे त्यावर नंतरच्या बनावटीत कठीण लेप दिला होता. लेप दिलेला भाग खडबडीत राहिला आणि त्याने समोरचे मऊ दाते कानसीसारखे खाल्ले.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. असे दाते निकामी झाले तर पाती आपोआप सुरक्षित बाजूला, फेदरला, जातील असे धरून चालले होते. प्रत्यक्षात एका बाजूची पाती चपट्या कोनाकडे गेली आणि विमान सावरता आले नाही. एक भाग चांगला करायला गेले आणि शेजारचा झिजला, हे आम्ही कारखान्यात अनेकदा बघितले आहे. इथे त्याची किंमत माणसांनी दिली. तेव्हापासून मी एक भेद मनात पक्का केला आहे. "असे होईल" हे गृहीत धरलेले आहे, की कुणी खरोखर तो भाग मोडून बघितले आहे?

दुसरा प्रश्न : जे माफ करत नाही ते आधी काय सांगते?

आतापर्यंतचे बिघाड वैमानिकाला काहीतरी करायला वेळ देतात. एक बिघाड मात्र देत नाही. पाते किंवा त्याची बुडाची पकड तुटणे.

हिशेब करून बघू. पाच किलोचे पाते, त्याच्या वजनाचा मध्य केंद्रापासून ४० सेंटीमीटरवर, आणि मिनिटाला २७०० फेरे. हे पाते हबमधून बाहेर पडायला जितक्या जोराने ओढ घेते तो जोर सुमारे सोळा टन भरतो. पाच किलोच्या वस्तूला एक भरलेला ट्रक लटकवल्यासारखे. एक पाते सुटले की तोल जाऊन इंजिनच आपल्या बैठकीवरून उखडू शकते. इथे "मग वैमानिकाने काय करावे" याला फारसे उत्तर नाही. हे होऊच द्यायचे नसते.

सुदैवाने धातू बहुधा सांगून मोडतो. कापड दुकानात दुकानदार ताग्याच्या काठाला कात्रीने छोटा काप देतो आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. काप नसता तर तेच कापड चार जणांनी ओढूनही फाटले नसते. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याच्या कडेला पडलेली खाच म्हणजे तो कात्रीचा काप. प्रत्येक फेऱ्यात तिथे ताण साठतो आणि भेग हळूहळू पुढे जाते. म्हणून उड्डाणाआधी पात्याची कड नीट न्याहाळतात, आणि खाच सापडली तर तंत्रज्ञ ती ठरलेल्या मर्यादेत कानसीने घासून गुळगुळीत, पसरट करतात. काप राहिला नाही की फाटणे सुरू होत नाही.

पुष्कळ हलक्या विमानांची पाती आतून लाकडाची आणि वरून फायबरच्या आवरणाची असतात. तिथे भीती वेगळी असते, आवरण आतून सुटण्याची. माठ घेताना आपण टकटक वाजवून बघतो तसे तंत्रज्ञ नाण्याने ठोकून बघतात. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द.

मॅकॉली कंपनीच्या काही हबमध्ये लाल रंग घातलेले तेल भरलेले असते. हबला केसासारखी भेग गेली तरी बाहेर लाल ओघळ दिसतो. मला हा उपाय फार आवडतो. यंत्राने आपले दुखणे कुंकवासारखे कपाळावर दाखवावे, याहून बरी सोय कोणती?

आणि मग ओव्हरहॉल. अनेक नामांकित पंख्यांना २००० ते २४०० तास किंवा सहा वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा पूर्ण खोलून तपासायचे असते. "विमान उभेच होते, मग वर्षे कशाला मोजायची?" असे पुष्कळांना वाटते. पण सील उभ्या-उभ्या वाळतात, हबमध्ये ओलावा धरून गंज चढतो. पावसाळाभर बंद ठेवलेल्या पंपाचे काय होते ते आपण जाणतो. रोज उडणारे शाळेचे विमान कधीकधी शेडमध्ये झाकून ठेवलेल्या हौशी विमानापेक्षा निरोगी असते ते यामुळेच.

तिसरा प्रश्न : "अजून एकदाही बिघडले नाही" याची किंमत किती?

हा भाग खास त्या तरुणांसाठी, जे हलके विमान जुळवण्याची स्वप्ने बघतात आणि बाहेरून आलेला विजेचा पंखा स्वस्तात मिळतो म्हणून घ्यायला निघतात. विकणारा सांगतो, "तीनशे तास उडाला आहे, एकदाही तक्रार नाही."

संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे, तीनचा नियम. जितके तास बिघाडाशिवाय गेले त्यांनी तीनला भागा. तीनशे तास निर्विघ्न गेले तर तीन भागिले तीनशे, म्हणजे शंभरात एक. याचा अर्थ असा की दर शंभर तासांना एक बिघाड यापेक्षा हा पंखा वाईट नसावा, इतकेच आपण बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो. त्याहून चांगला असेलही, पण तीनशे तासांनी ते सिद्ध केलेले नाही. आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते. आता शंभरात एक हा आकडा पुन्हा वाचा.

म्हणून एका पंख्याच्या अनुभवापेक्षा त्याच बनावटीच्या शेकडो पंख्यांचा एकत्र अनुभव आणि प्रमाणपत्रामागच्या चाचण्या मोलाच्या. अमेरिकी नियमांप्रमाणे हब आणि पात्यांची पकड, कामात येते त्याच्या दुप्पट ओढीखाली एक तास टिकवून दाखवावी लागते. गव्हर्नरवर चालणारा पंखा कोनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधराशे वेळा फिरवून दाखवावा लागतो, आणि फेदर होणारा असेल तर पन्नास वेळा फेदर करून परत आणावा लागतो. प्रमाणित पंखा महाग का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आपण धातूचे पैसे देत नाही, आधीच मोडून बघितलेल्या पंख्यांचे देतो.

आपल्या देशातही हा मार्ग लांबचाच आहे. बंगळूरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे दोन आसनी हंसा विमान १९९३ साली पहिल्यांदा उडाले, आणि त्याच्या हंसा-३ या रूपाला, ज्याला कोन बदलणारा पंखा आहे, प्रमाणपत्र मिळाले २००० साली. मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे आपले अमोल यादव यांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून बघितले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. या उशिराबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण बांधणे हे एक काम आणि खात्री पटवणे हे दुसरे, तितकेच मोठे काम, हे त्यातून दिसतेच.

मग लेकीला काय सांगायचे?

ताई, आता तुमच्या कामाचे. पुढच्या फोनवर तिला एवढे विचारा. उलटतपासणी म्हणून नको, कुतूहल म्हणून विचारा. शिकणाऱ्या मुलांना आपले शिकलेले सांगायला आवडते.

विचारा, "तुझ्या पंख्यातले तेल गेले तर पाती कोणत्या बाजूला जातात, आणि मग तू काय करतेस?" तिने न अडखळता सांगितले तर निम्मा घोर तिथेच सोडा.

विचारा, "उडण्याआधी पंखा तपासता का?" ती सांगेल की जमिनीवर इंजिन तापवून, ठरलेल्या फेऱ्यांवर पंख्याचा कोन बदलून बघतात. फेरे पडतात, मग परत येतात. निळा दांडा असेल तर तो मागे ओढून, आणि संगणक असेल तर चाचणीचे बटण दाबून. गव्हर्नर जिवंत आहे, गरम तेल हबमध्ये पोचले आहे, हे त्यातून कळते. घाईच्या दिवशी हीच तपासणी उरकली जाते, म्हणून घाईच्या दिवशी ती जास्त नीट करायची.

विचारा, "पात्याच्या बुडाशी तेलाचा किंवा ग्रीसचा ओघळ दिसला तर कुणाला सांगायचे?" ओघळ पुसून टाकणारा हात यंत्राचा शत्रू असतो. आधी दाखवायचा, मग पुसायचा.

विचारा, "पंख्याचा मागचा ओव्हरहॉल कधी झाला, हे तुला नोंदवहीत बघता येते का?" ज्या शाळेत विद्यार्थ्याला नोंदवही मोकळेपणाने दाखवतात तिथे माझा विश्वास आपोआप वाढतो.

आणि एक गोष्ट विचारायची नाही, सांगायची. पंखा थांबलेला असला तरी तो चालू असल्यासारखाच मानायचा. पेट्रोल इंजिनात मॅग्नेटो असतो, त्याला बॅटरीची गरज नसते. स्विच नीट बंद झालेला नसेल तर हाताने थोडा फिरवलेला पंखाही एक फटका मारू शकतो. शिकवल्याशिवाय, किल्ली बाहेर असल्याची खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही.

सगळ्यांत महत्त्वाचे शेवटी. पंखा कधी जमिनीला, कशाला तरी, नुसता घासला तरी इंजिनासकट तपासावा लागतो, कारण धक्का आत क्रँकपर्यंत जातो. बाहेरून पाते धड दिसते आणि आत भेग पडलेली असते. असे काही झाले तर शिकणारे पोर घाबरते. बोलणी बसतील, तास बुडतील, घरून कर्ज काढून फी भरली आहे, बाबा काय म्हणतील. या भीतीपोटी गप्प बसण्याचा मोह होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसऱ्या कुणाची लेक बसते. हा धोका कुठल्याही गव्हर्नरला सांभाळता येत नाही. तो घरून सांभाळावा लागतो. तिला स्पष्ट सांगा, "काही लागले, खरचटले, वेगळा आवाज आला, तर लगेच सांग. उड्डाण रद्द झाले, महिना वाया गेला, तरी आम्ही एक शब्द बोलणार नाही." हे तुम्ही एकदा म्हटलेत की विमानाच्या सुरक्षेत तुम्हीही भर घातलीत.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तुम्ही म्हणालात, हलणारी वस्तू आधी बिघडते. ते खरे आहे. पण ज्या पंख्याच्या बिघाडाची दिशा आधी ठरवलेली आहे, ती तपासून बघितली आहे, ज्याचे तास आणि वर्षे कुणीतरी इमानाने लिहितो, आणि ज्याचा ओघळ कुणी लपवत नाही, त्या हलणाऱ्या पंख्यामागे मी माझ्या मुलीलाही बसू देईन. यातले एक जरी नसेल तर घट्ट पंखाही मला नको.

काळजी पूर्ण जाणार नाही, आणि जाऊही नये. जमसावळीच्या मारुतीला नारळ फोडायचा असेल तर जरूर फोडा, पण फोनवरचे ते चार प्रश्न आधी विचारा. तिने काय उत्तरे दिली ते मला नक्की कळवा. ती पुढच्या अंकात छापायला मला आवडेल.

बाकीच्या वाचकांचे प्रश्न मी विसरलेलो नाही. पुढच्या महिन्यात कूलरच्या पंपाबद्दल बोलू. उन्हाळा तोंडावर आहे आणि तीन पत्रे त्याचीच आहेत.